सिनेटर टॅगर्ट यांचं मत

पक्षाघातानंतर सात महिन्यांनी सिनेटर ऑर्विल टॅगर्ट पहिल्यांदा बोलले, ते सॅक्सोफोनबद्दल.

"लोरेटा, तो सॅक्सोफोन बंद कर."

त्यांचे ओठ हलले नव्हते, जीभही नाही. आवाज आला होता तो पलंगाशेजारच्या यंत्रातून. पण तो त्यांचाच होता, खर्जातला, मोंटानाकडच्या माणसांसारखा सावकाश ओढलेला. लोरेटाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. रुग्णाला मंद संगीत ऐकवा असं कुणा डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून त्या बिचाऱ्या सात महिने रोज सकाळी इमानेइतबारे सॅक्सोफोन लावत होत्या. त्यांनी तो बंद केला, खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग रडता रडता हसायला लागल्या, कारण नवऱ्याला सॅक्सोफोनचा तिटकारा आहे हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभी होते. हे यंत्र मी बनवलं होतं, निदान निम्मं तरी. सात महिने निश्चल पडलेला हा माणूस आत टक्क जागा होता, सगळं ऐकत होता आणि मनातल्या मनात वैतागत होता. त्या दिवशी प्रयोगशाळेतून घरी जाताना मला रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे थांबून बघावंसं वाटत होतं.

मी कालिंदी पोतनीस. मूळची पेणची, आता बाल्टिमोरची. नवरा सुधन्वा नोकरीसाठी फिनिक्सला, म्हणजे वाळवंटात, आणि मी इथं. लोक विचारतात, संसार कसा चालतो? विमानानं, असं मी सांगते.

आमचं यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगते. टॅगर्ट यांच्या मेंदूला आणि शरीराला जोडणाऱ्या देठाशीच इजा झाली होती. वर मेंदू धडधाकट होता. "बोल" असा हुकूम तिथून सुटत होता, पण ओठांपर्यंत पोचत नव्हता. मेंदूच्या ज्या भागातून जीभ, ओठ आणि घसा यांना हुकूम सुटतात, त्या भागावर आम्ही केसाहून बारीक तारांची जाळी पसरतो. न पोचलेले हुकूम तिथंच टिपतो आणि आवाजात बदलतो.

हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते हुकूम फार अस्पष्ट असतात. म्हणून यंत्र दोन गोष्टींची सांगड घालतं. एक म्हणजे तारांवरून आलेला संकेत, आणि दुसरा अंदाज, हा माणूस अशा वेळी काय म्हणेल याचा. मोबाइलवर 'वाढदिवसाच्या' एवढं लिहिलं की 'हार्दिक शुभेच्छा' आपसूक पुढं येतं, तसंच. टॅगर्ट यांची चाळीस वर्षांची भाषणं, मुलाखती, पत्रं, सगळं आम्ही यंत्राला शिकवलं होतं. अंदाजाचा वाटा किती ठेवायचा हे माझ्या टॅबलेटवरच्या एका पट्टीवर ठरायचं. पट्टी वर सरकवली की ते घडाघडा बोलत, विनोदसुद्धा करत. तळाशी आणली की एकेक अक्षर, तेही खूप वेळानं.

अर्थात आम्ही ती वरच ठेवत होतो. डॉक्टर केलरमन, माझे वरिष्ठ, म्हणत की रुग्णाला ताटकळत ठेवणं हा क्रूरपणा आहे. मलाही ते पटलं होतं.

टॅगर्ट बोलू लागल्याची बातमी पसरली आणि त्यांच्या पक्षाच्या माणसांची खोलीत रीघ लागली. त्यामागे नुसतं प्रेम नव्हतं. अमेरिकेच्या सिनेटमध्ये शंभर सदस्य असतात, आणि त्या वर्षी दोन्ही पक्षांचे बरोबर पन्नास-पन्नास होते. समसमान मतं पडली तर उपराष्ट्राध्यक्ष आपलं मत टाकून निकाल लावतात. पण आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी आजारपणामुळे पद सोडलं होतं, उपराष्ट्राध्यक्ष त्यांच्या जागी गेले होते, आणि मागची खुर्ची अजून रिकामीच होती. आता बरोबरी झाली तर विधेयक सरळ पडणार होतं.

आणि विधेयक काही ऐरंगैरं नव्हतं. कोलोरॅडो नदी सलग दुसऱ्या उन्हाळ्यात आटली होती. फिनिक्समध्ये नळाला दिवसाआड पाणी होतं, मग तेही गेलं आणि टँकर सुरू झाले. माझ्या सासूबाई मुलाकडे आराम करायला म्हणून आल्या होत्या. त्या जतच्या. फोनवर म्हणाल्या, अख्खा जन्म टँकरची वाट बघण्यात गेला, आता अमेरिकेत येऊनही बादल्याच भरतेय. त्या हसत होत्या, पण त्यांच्या गल्लीतले दोन म्हातारे उष्म्यानं गेले होते.

राष्ट्राध्यक्षांचं म्हणणं असं, की या नदीच्या पाण्यावर सात राज्यांचे कायदे, काँग्रेसचे म्हणजे इथल्या संसदेचे कायदे आणि शेकडो दावे आहेत. ते निस्तरेपर्यंत माणसं मरतील. म्हणून दोन वर्षं पाण्याबाबतचा कुठलाही कायदा स्थगित करण्याचा अधिकार मला एकट्याला द्या, काँग्रेसला न विचारता, कोर्टासाठी न थांबता. विरोधक म्हणत, आज पाणी, उद्या काय? ज्या देशानं सत्तेचे तीन वाटे करून ते एकमेकांवर पहारा करायला बसवले, तिथं एक वाटा दुसऱ्याच्या हातात कायमचा जाईल. आमच्या घरी आणीबाणीचा विषय निघाला की काका अजून आवाज खाली आणायचे, त्यामुळे मला विरोधकांचं म्हणणं कळत होतं. पण खरं सांगायचं तर मला सासूबाईंच्या बादल्या जास्त दिसत होत्या. विधेयक मंजूर व्हावं असंच मला वाटत होतं.

टॅगर्ट यांनाही तेच वाटत होतं. पक्षाघाताच्या आदल्या आठवड्यात त्यांनी या कल्पनेच्या बाजूनं तासभर भाषण केलं होतं. त्यामुळे त्यांचं मत 'होय' पडणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

गंमत अशी, की माझी शंका सुरू झाली ती एका सुटलेल्या वायरीमुळे.

त्या दुपारी पक्षाचे नेते टॅगर्ट यांच्याशी बोलत बसले होते. नेते मोंटानातल्या गुरांच्या भावाबद्दल बोलले, टॅगर्ट यांनी त्यावर कोटी केली, दोघांचं छान चाललं होतं. मी टॅबलेटवर संकेतांचा आलेख बघत होते, तर आलेख सपाट. मला वाटलं पडदा अडकला असेल. वाकून पाहिलं तर परिचारिकेनं उशी सरळ करताना जाळीची वायर खोबणीतून निघाली होती. तारांवरून काहीही येत नव्हतं. आणि यंत्र बोलत होतं. नेत्यांच्या मेव्हण्याच्या निधनाबद्दल ते अगदी टॅगर्ट यांच्या ढंगात, मध्ये खाकरून, दुःख व्यक्त करत होतं. नेत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी टॅगर्ट यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते डोळे हलवू शकत नव्हते, तरी ते माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं. या माणसाच्या तोंडून आम्ही एक दुसराच माणूस बोलता केला होता. तो हुबेहूब होता. बहुधा मूळ माणसापेक्षा जास्त गोड होता. आणि खरा माणूस आत बसून त्याचं बोलणं ऐकत होता, जसा सात महिने सॅक्सोफोन ऐकत होता.

मी वायर जोडली. केलरमनांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट शांतपणे म्हणाले, की संकेत तुटल्यावरही यंत्र बरोबर बोललं याचा अर्थ आपला अंदाज किती अचूक आहे बघ. चाळीस वर्षांचे त्यांचेच शब्द आहेत ते. माणूस म्हणजे दुसरं काय असतं? शेवटी त्याच्या सवयीच ना?

अजूनही त्या प्रश्नाचं पुरं उत्तर माझ्याकडे आहे असं नाही. मात्र मला आपल्याकडचा व्हिप आठवला. आपल्याकडे पक्षानं व्हिप काढला की आमदार-खासदाराला तसंच मत द्यावं लागतं, नाहीतर सदस्यत्व जातं. अमेरिकेत तसा कायदा नाही. तिथं पक्षनेता विनवतो, धमकावतो, पण शेवटी सिनेटर आपलं मत आपण देतो. आणि आता आम्ही यंत्रातच व्हिप बसवून दिला होता.

मतदानाची तालीम सुरू झाली. केलरमनांच्या चमूनं त्यासाठी एक साधी सोय केली होती. प्रश्न विचारायचा, आणि मेंदूतला संकेत 'होय'चा आहे की 'नाही'चा एवढंच बघायचं. खिडकी उघडू का? होय. बेसबॉलचा सामना लावू का? होय, एकदम ठसठशीत. सॅक्सोफोन? या 'नाही'च्या वेळी आलेख असा उसळला की आम्ही सगळे हसलो. मग विचारलं, जलविधेयक, होय की नाही? मी अंदाजाची पट्टी आपणहून तळाला आणली होती. आलेखावर होयही उमटलं नाही आणि नाहीही. पुन्हा विचारलं. तोच गोंधळ.

थकलेत, असं केलरमन म्हणाले, आणि पट्टी वर न्यायला सांगून निघून गेले. पट्टी वर गेली की यंत्र लगेच 'होय' म्हणत होतं.

लोरेटाबाई आणि मी अशा दोघीच राहिलो. आम्ही इंजिनिअर मंडळी. आमच्या लेखी मत म्हणजे होय किंवा नाही, शून्य किंवा एक. तिसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सहज, म्हणजे अगदी सहज, विचारलं, "तुम्हाला या दोन्हींहून वेगळं काही म्हणायचंय का?"

आलेख उसळला. होय.

मी खुर्ची ओढून बसले. अंदाज पूर्ण बंद केला आणि म्हटलं, सांगा, सावकाश. ती सगळी दुपार त्यात गेली. एक अक्षर यायचं, मग कितीतरी वेळ काही नाही. मधूनच चुकीचं अक्षर यायचं, मग ते पुसण्यासाठी 'नाही', मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पडद्यावर दोन शब्द उभे राहिले. एक होता 'ब्रॅडॉक' आणि दुसरा 'जोडी'.

मला काही बोध झाला नाही. लोरेटाबाईंनी मात्र ते वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

ब्रॅडॉक म्हणजे सिनेटर युनिस ब्रॅडॉक, जॉर्जियाच्या, विरोधी पक्षाच्या. टॅगर्ट यांच्याशी तीस वर्षं कडाकडा भांडलेल्या. त्यांचे पती घरी शेवटच्या घटका मोजत होते. त्यांची कोंडी सगळ्या देशाला ठाऊक होती. त्या मतदानाला आल्या तर पन्नास विरुद्ध पन्नास होऊन विधेयक पडणार होतं. नाही आल्या तर टॅगर्ट यांच्या मतानं ते एका मतानं मंजूर होणार होतं. नवऱ्याचा हात सोडून विमानात बसायचं की देशाची राज्यघटना वाऱ्यावर सोडायची, असा तो पेच होता. त्यांनी विमानाचं तिकीट काढलं होतं.

लोरेटाबाईंनी मला जी गोष्ट सांगितली ती मी नागरिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. सिनेटमध्ये एक जुनी रीत आहे. नियम नाही, नुसती रीत. विरुद्ध पक्षाचा सदस्य काही अडचणीनं येऊ शकत नसेल, तर हजर असलेला सदस्य त्याच्याशी जोडी लावतो. तो सभागृहात उभा राहून सांगतो, की मी 'होय' म्हणणार होतो, जो आला नाही तो 'नाही' म्हणाला असता, म्हणून मी माझं मत राखून ठेवतो. म्हणजे गैरहजर माणसाचं मत फुकट जात नाही. यात मिळत काही नाही, उलट आपल्याच बाजूचं नुकसान होतं. कसलीही सक्ती नाही, पाळली नाही तर शिक्षा नाही. आता ही रीत जवळजवळ कुणी पाळत नाही.

"आमची मुलगी गेली तेव्हा ऑर्विल तिच्याजवळ बसले होते," लोरेटाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मोठं मतदान होतं. युनिस सिनेटमध्ये नवीन होती, दोघांची धड ओळखही नव्हती. तिनं आपणहून जोडी लावली. तिची बाजू हरली आणि तिच्या पक्षानं तिला दोन वर्षं कुठल्या समितीवर घेतलं नाही. ऑर्विलना हे नंतर कळलं."

मी टॅगर्ट यांना विचारलं, विधेयक तुम्हाला हवंय? होय. तुम्ही जोडी लावली तर ते पडेल, हे माहीत आहे? होय. तरीही जोडी? होय. तिन्ही वेळा आलेख सारखाच उसळला. मला माझ्या मनाचाही भरवसा नव्हता, म्हणून मी प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. पण मला स्वतःला विधेयक हवंच होतं. मला नको असलेलं उत्तर मी त्यांच्या डोक्यात कशाला बघेन?

लोरेटाबाईंनी तिथूनच जॉर्जियाला फोन लावला. ऑर्विल जोडी लावताहेत, एवढंच सांगितलं. पलीकडून ब्रॅडॉकबाईंनी एकच गोष्ट विचारली, की हे ऑर्विल स्वतः म्हणाला का? लोरेटाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. ब्रॅडॉकबाईंनी विमानाचं तिकीट रद्द केलं.

आणि सगळं ओझं येऊन माझ्या डोक्यावर पडलं. माझ्या एका मान हलवण्यावर ती बाई नवऱ्याजवळ थांबली होती. आता सभागृहात यंत्र जर 'होय' म्हणालं, तर टॅगर्ट यांच्या आवाजात तिचा विश्वासघात होणार होता, आणि ते आतून तो ऐकणार होते.

मी केलरमनांपासून काहीही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ढगांत माणसाला हवे ते आकार दिसतात. एक शब्द जुळवायला सगळी दुपार लागते, त्याला बोलणं म्हणत नाहीत. सभागृहात तो माणूस तासभर चाचपडत राहिला तर जग म्हणेल, हे यंत्र कुचकामी आहे. आपल्याकडे नाव नोंदवून वाट बघणाऱ्या रुग्णांचं काय? पट्टी वर राहील, कालिंदी. ते वाईट माणूस नव्हते. त्या वाट बघणाऱ्यांतले कित्येक त्यांना नावानिशी माहीत होते.

सुधन्वाला मी सांगणार नव्हते, पण आवाजावरून त्यानं ओळखलं. मला सल्ला नको होता, तरी त्यानं दिला. म्हणाला, तू काहीच करू नकोस. पट्टी आहे तिथं राहू दे. तुला खोटं बोलायचं नाहीये, फक्त गप्प बसायचंय. मग म्हणाला, "आईला काल चक्कर आली, कालिंदी." त्यांना डॉक्टरांकडे ने, एवढं सांगून मी फोन ठेवला.

सिनेटच्या सभागृहात परक्या माणसाला आणि यंत्राला मज्जाव आहे. परवानगी सर्वसंमतीनं मिळते, आणि शंभरांतल्या एकानं हरकत घेतली तरी ती बारगळते. विरोधक हरकत घेणार अशी सगळ्यांची खात्री होती, कारण टॅगर्ट आत आलेच नाहीत तर विधेयक पडणार होतं. पण ब्रॅडॉकबाईंनी जॉर्जियाहून आपल्या एकेका सहकाऱ्याला फोन करून सांगितलं होतं, ऑर्विलला बोलू द्या. कारण सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? सभागृह गप्प राहिलं. आपला पराभव डोळ्यांसमोर दिसत असताना ती सगळी माणसं एका बाईच्या शब्दाखातर गप्प बसली हे बघून माझं मन भरून आलं.

सोबत एकाच माणसाला परवानगी होती, आणि ती मी होते. केलरमन वर प्रेक्षकांच्या सज्जात होते, लोरेटाबाईंच्या शेजारी.

एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. होय. नाही. होय. मी टॅगर्ट यांच्या चाकाच्या खुर्चीशेजारी उभी होते. टॅबलेटवर पट्टी वर होती, जिथं केलरमनांनी ठेवायला सांगितली होती तिथं. तिच्याखाली यंत्रानं आधीच शब्द तयार ठेवला होता: होय. नाव पुकारायचीच खोटी होती. मला चक्कर आलेल्या सासूबाई दिसल्या. सुधन्वाचं 'फक्त गप्प बसायचंय' आठवलं. मग त्याच आलेखावर खाली एक बारीकशी हालचाल दिसली. टॅगर्ट यांनी सुरुवात केली होती. नाव पुकारण्याची वाट न बघता तो म्हातारा आपलं पहिलं अक्षर रेटायला लागला होता, कारण त्याला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं.

मी पट्टी तळाला आणली. 'होय' हा शब्द पडद्यावरून नाहीसा झाला.

"मिस्टर टॅगर्ट," लेखनिकानं पुकारलं.

काहीच झालं नाही. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर यंत्राची चौकट रिकामी होती. लोक खोकले, खुर्च्या करकरल्या. पक्षाचे नेते माझ्याकडे बघत होते, आणि वर केलरमन कठड्यावर वाकले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अध्यक्षस्थानी टॅगर्ट यांच्याच पक्षाचे सर्वांत जुने सदस्य होते. नेत्यांनी त्यांच्याकडे जाऊन कानात काहीतरी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, लेखनिक थांबतील.

पहिलं अक्षर उमटलं. मग दुसरं. चुकलं, पुसलं गेलं, पुन्हा आलं. मतदानाची ठरलेली वेळ कधीच उलटून गेली होती आणि कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं. शंभर जणांचं ते सभागृह, जिथं एकमेकांचं वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही, तिथं सगळे मान वर करून एका माणसाचं एक अक्षर येण्याची वाट बघत होते. मला रुग्णाच्या कपाळावरचा घाम दिसत होता. इतक्या जवळून, इतक्या उघडपणे माणसाची इच्छा जन्माला येताना मी कधी पाहिली नव्हती. आम्ही दहा वर्षं ते यंत्र बनवत होतो, आणि ते कशासाठी आहे हे मला त्या क्षणी कळलं.

'जोडी.'

तरुण सदस्य एकमेकांकडे बघू लागले. मागच्या रांगेतल्या एक वृद्ध सिनेटर मात्र ताडकन उभ्या राहिल्या.

'ब्रॅडॉक.' मग खूप वेळानं: 'ती नाही. मी होय.' आणि शेवटी, एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं: 'मत राखून.'

आणखी काही जुनी माणसं उभी राहिली, दोन्ही बाजूंची. मग शेजाऱ्याला कुजबुजून विचारत, समजून घेत, बाकीची उठू लागली. पक्षाचे नेते हरकत घ्यायला पुढे सरसावले. या रीतीला नियमात आधार नव्हता, त्यांनी ताणून धरलं असतं तर पुन्हा विचारणा झाली असती. ते खुर्चीजवळ आले. टॅगर्ट यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, त्यांचं कपाळ पुसलं आणि आपल्या जागी जाऊन बसले.

एकोणपन्नास विरुद्ध एकोणपन्नास. बरोबरी मोडायला कुणी नव्हतं. विधेयक पडलं.

बाहेरच्या लहानशा खोलीत मी सुधन्वाला फोन केला. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो चिडलेला होता, आणि त्यानं ते लपवलं नाही. आता पाणी कधी येणार याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, असेल तर ते त्या सभागृहाकडे होतं, आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून भांडत बसावं लागणार होतं. आईला तुझ्याकडे पाठवतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तूही ये. तो म्हणाला, बघतो. केलरमन दारात येऊन उभे राहिले, टॅबलेट माझ्या हातातून घेतला, पट्टी कुठं आहे ते पाहिलं आणि तसाच परत दिला. उद्या प्रयोगशाळेत ते मला ठेवतील की काढतील ते कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात लोरेटाबाईंचा फोन वाजला. जॉर्जियाहून. त्यांनी तो नवऱ्याच्या कानाजवळ धरला, आणि शांतता एवढी होती की मलाही ऐकू आलं.

"ऑर्विल," ब्रॅडॉकबाई म्हणाल्या, "तो गेला. आत्ताच. तू बोलत होतास तेव्हा टीव्ही चालू होता. त्याचा हात माझ्या हातात होता."

सांत्वनाची वाक्यं यंत्राला पाठ होती. पट्टी जराशी वर सरकवली असती तर खर्जातल्या आवाजात, मध्ये खाकरून, सुंदर चार ओळी त्याच क्षणी आल्या असत्या. मी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. फोनच्या पलीकडे ब्रॅडॉकबाई थांबल्या होत्या. त्यांनी फोन ठेवला नाही, काही विचारलं नाही, त्या नुसत्या थांबल्या. आलेख हलत होता. एक अक्षर आलं, चुकलं, पुसलं, पुन्हा आलं. बाहेर अंगणात उन्हं उतरली. लोरेटाबाईंचा हात अवघडला तेव्हा फोन मी धरला.

बऱ्याच वेळानं शब्द पुरा झाला, आणि यंत्रानं तो उच्चारला.

"युनिस."

"हो," त्या म्हणाल्या. "हो, ऑर्विल. मी आहे."